लाकडातली अर्कचित्रं : सुरुवात करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वीतभर उंचीची, मोठ्या नाकाची, पोट सुटलेली लाकडी माणसं कोरायचा नाद मला लागला त्याला आता बरीच वर्षं झाली. घरी येणारा माणूस कपाटावरचा एसटी कंडक्टर हातात घेतो, उलटसुलट करून बघतो आणि विचारतो, "मला जमेल का हे?" पुढचे प्रश्नही बहुधा ठरलेले असतात. तेच इथे घेतले आहेत. लाकूड आणि हवा महाराष्ट्रातली धरली आहे. परदेशात राहणाऱ्यांना लागेल ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

अर्कचित्र लाकडात कोरायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

अर्क काढायचा. जे आहे तेच आटवून दाट करायचं. एखाद्याची मान किंचित पुढे आलेली असेल तर ती चांगली पुढे आणायची, ढेरी थोडी असेल तर शर्टाची बटणं ताणली जातील इतकी वाढवायची. बाकीच्या गोष्टी मुद्दाम साध्या ठेवायच्या, म्हणजे नजर तिथेच जाते.

सावंतवाडीच्या चितारआळीत मिळणारी लाकडी फळं आणि भाज्या सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. तिथे आंबा आंब्यासारखाच दिसायला हवा, कौशल्य त्यातच आहे. अर्कशिल्पात 'एक माणूस' कोरून भागत नाही. तो कोण आहे, काय करतोय आणि त्याच्या मनात काय चाललंय हे लांबून कळावं लागतं.

या कलेचा मोठा माणूस स्वीडनचा अक्सेल पेटरसन (१८६८ ते १९२५). डोडरहुल्ट या आपल्या गावावरून तो 'डोडरहुल्टार्न' नावाने ओळखला गेला. ऑल्डरच्या लाकडात त्याने भोवतालचे शेतकरी, लग्नाची वऱ्हाडं, अंत्ययात्रा, सैन्यभरतीच्या तपासणीला रांगेत उभे राहिलेले ओशाळलेले तरुण कोरले. हत्याराचे सपाट काप त्याने घासून काढले नाहीत, तसेच ठेवले. ऑस्करशामन गावात त्याच्या कामाचं संग्रहालय आहे. स्कँडिनेव्हियातून गेलेल्या लोकांबरोबर ही रीत अमेरिकेत पोचली आणि तिथे ती फोफावली. १९९० मध्ये तिथल्या कारागिरांनी 'कॅरिकेचर कार्व्हर्स ऑफ अमेरिका' ही संस्था काढली. पेटरसनच्या आकृत्यांची छायाचित्रं जरूर शोधून बघा. चेहरा झाकला तरी माणूस कळतो, हे त्या बघताना लक्षात येईल.

मला चित्र काढता येत नाही. तरी जमेल?

जमेल. चित्रकाराला सपाट कागदावर खोली भासवावी लागते, आपल्याकडे खोली आयतीच असते. मात्र बघायची सवय हवी. बसस्टॉपवर, बँकेत, लग्नाच्या पंगतीत लोक कसे उभे राहतात ते बघा. वजन कुठल्या पायावर आहे, खांदे कुठल्या बाजूला कललेत, पिशवी कुठल्या हातात आहे. वहीत काड्यांची माणसं काढलीत तरी पुरे.

आणखी एक करा. लाकडाला हात लावण्याआधी आकृती शाडू मातीत करून बघा. गणपतीच्या दिवसांत आणलेली माती घरात उरलेली असतेच. मातीत चुकलं तर परत लावता येतं, लाकडात नाही. मातीचा ओबडधोबड नमुना समोर ठेवून कोरलं की 'पाठीमागून कसं दिसेल?' हा प्रश्न उरत नाही. नवशिक्याचं घोडं अडतं ते नेमकं पाठीमागच्या बाजूला.

कुठलं लाकूड घेऊ?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त चुकणारा प्रश्न हाच. घरात सागाचा तुकडा पडलेला असतो, म्हणून माणूस सागावर सुरुवात करतो आणि आठवड्यात सोडून देतो. सागात सिलिका असते, ती सुरीची धार खाते. शिवाय साग ठळक रेषांचा असल्यामुळे बारीक चेहऱ्यावर त्या रेषाच उठून दिसतात. दारं-खिडक्यांना साग उत्तम. आपल्या कामाला नको.

अमेरिकेत या कामासाठी बासवुड वापरतात आणि युरोपात त्याच कुळातलं लाइम किंवा लिंडन. तिकडे राहत असाल तर डोळे मिटून तेच घ्या. मऊ, पांढरट, रेषा जवळजवळ न दिसणारं आणि सगळीकडे सारखं लागणारं ते लाकूड आहे. वजनातला फरक बघा : वाळलेलं बासवुड घनमीटरला साधारण ४१५ किलो भरतं, साग ६५० च्या आसपास. आपल्याकडेही बासवुडचे ठोकळे ऑनलाइन मिळतात, पण बाहेरून येत असल्याने महाग पडतात. पहिले दोन-तीन ठोकळे तेच घेतले तर पैसे वाया जाणार नाहीत, कारण 'मऊ लाकूड' म्हणजे काय हे एकदा हाताला कळायला हवं.

इथल्या झाडांत माझी पहिली पसंती शिवणीला. फिकट पिवळसर, हलकं, वाळल्यावर फारसं न वेडंवाकडं होणारं. कोरीव कामाला आणि वाद्यांना ते पूर्वीपासून वापरतात. बासवुडपेक्षा थोडं कठीण लागतं, पण धार नीट असेल तर काप चकचकीत निघतो. पांगारा म्हणजे सावंतवाडीच्या खेळण्यांचं जुनं लाकूड. अतिशय हलका आणि मऊ. मऊपणामुळे बोथट सुरीने तो कापला न जाता चेपला जातो आणि बारीक पापण्या, बोटांची टोकं टिकत नाहीत. मोठ्या कापांच्या, ठसठशीत आकृतीला मात्र छान. सावर त्याहून भुसभुशीत, ती नको. शेवगा तर नकोच, वाळल्यावर नुसता स्पंज. हळदू बारीक पोताचा आणि देखणा असतो, पण हात बसल्यावर घ्या. आंबा चालतो, फक्त त्याच्या रेषा मधूनच दिशा बदलतात.

दक्षिणेकडे बघितलं तर प्रत्येक खेळण्याच्या गावाने आपलं मऊ झाड शोधलेलं दिसतं. चन्नपट्टणला काळ्या कुड्याच्या जातीचं लाकूड, कोंडापल्लीला पोणिकी. तुमच्या तालुक्यातला जुना सुतारही असं एखादं झाड सांगेल. त्याला विचारा.

पॅकिंगच्या खोक्यांचा पाइन फुकट मिळतो म्हणून बरेच जण आणतात. त्यात एक पट्टा मऊ आणि एक कडक असतो, सुरी एकावरून घसरते आणि दुसऱ्यात घुसते. तरीही वापरायचा असेल तर खोक्यावरचा शिक्का बघा. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, त्याला हात लावू नका.

वखारीत काय मागू?

"पाच बाय पाच सेंटिमीटर, उभ्या रेषांचा, गाठ नसलेला" असा तुकडा मागा. लांबी कितीही असो, घरी कापता येते. कापून उरलेले तुकडे वखारवाले वजनावर देतात. ठोकळ्याची दोन्ही टोकं बघा, मध्यभागी झाडाचा गाभा दिसत असेल तर तो तुकडा तडकणार. अंगावर टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा असेल तर आत कीड आहे. तो घरातही आणू नका, फर्निचरला लागेल.

पावसात पडलेली फांदी आणली तर?

आणा, पण घाई करू नका. ओलं लाकूड लोण्यासारखं कापलं जातं, मजा येते, आणि पंधरा दिवसांनी चेहऱ्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत भेग पडते. फांदी उभी चिरून गाभा काढून टाका, दोन्ही टोकांना फेव्हिकॉल किंवा मेण जाड लावा, कारण पाणी टोकांतून झपाट्याने उडतं आणि भेगा तिथूनच सुरू होतात. मग सावलीत, वारा लागेल असं, जमिनीपासून उचलून ठेवा. इंचभर जाडीला वर्ष हा जुना ठोकताळा आहे, हलकी लाकडं त्याआधी वाळतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करून तारीख घालून लिहून ठेवा. वजन कमी व्हायचं थांबलं की लाकूड तयार.

पांगारा आणि सावर पावसाळ्यात ओले राहिले तर बुरशीने निळेकाळे पडतात, म्हणून ते थंडीत कापलेले बरे. आणि झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी शहरात ते तोडायला परवानगी लागते, १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. पडलेल्या फांद्यांसाठी पालिकेच्या उद्यान विभागात विचारा.

हत्यारं किती आणि कोणती?

एक सुरी. खरंच एकच. पातं चार ते सहा सेंटिमीटर लांब, टोकाकडे निमुळतं, कार्बन पोलादाचं, आणि मूठ तळहात भरेल अशी. स्वीडनची मोरा १२० ही सुरी जगभर नवशिके वापरतात. इथला चांगला लोहारही असं पातं घडवून देतो, त्याला कागदावर खऱ्या मापाचा आकार काढून द्या.

दोन-तीन आकृत्या झाल्यावर एक सहा मिलिमीटरची गोल पटाशी आणि एक छोटी व्ही पटाशी घ्या. कानांच्या आत, कपड्यांच्या चुण्यांत आणि केसांत त्या लागतात. बारा पटाश्यांचा स्वस्त संच घेऊ नका. त्यातल्या एकीलाही धार टिकत नाही, आणि दोष आपल्या हाताचा आहे असं वाटत राहतं. मला तसं वाटण्यात जवळजवळ एक वर्ष गेलं, त्याची हळहळ अजून आहे.

धार, धार, धार असं सगळे का म्हणतात?

कारण नवशिक्याच्या दहातल्या आठ अडचणी धारेच्या असतात. नाक तुटतं, काप खरखरीत येतो, हात दुखतो, सुरी घसरते : सगळ्याचं मूळ एकच. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेली सुरी जिथे थांबायला हवी तिथे थांबत नाही.

काचेच्या जाड तुकड्यावर वॉटरपेपर (पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर; आकडा मोठा तितका बारीक) ठेवा : ४००, मग ८००, १२००, २०००. सुरी जवळजवळ आडवी ठेवायची, पाठ फक्त एक-दोन रुपयांची नाणी मावतील इतकी उचललेली. दोन्ही बाजूंना सारखेच फेर द्या. बोटाने आडवं चाचपलं की पात्याच्या दुसऱ्या बाजूला बारीक ओठ वळलेला लागतो. तो संपूर्ण लांबीवर आला की पुढचा कागद घ्या.

शेवट चामड्यावर. पूर्वी न्हावी वस्तरा पट्ट्यावर घासायचे ते आठवत असेल. जुन्या कमरपट्ट्याचा तुकडा लाकडी पट्टीवर चिकटवा, वर हिरवी पॉलिशची वडी घासा आणि सुरी पाठीच्या दिशेने ओढा. धारेच्या दिशेने ढकललीत तर चामडं चिरलं जाईल. काम करताना दर अर्ध्या तासाने असे वीस-तीस हात मारले तर वॉटरपेपरकडे महिनोन् महिने जावं लागत नाही.

धार लागली की नाही हे अंगठ्यावर बघू नका. मऊ लाकडाच्या टोकावर, म्हणजे रेषा जिथे तुटतात तिथे, एक पातळ काप घ्या. काप चमकला पाहिजे. त्यात पांढरी ओळ उमटली तर पात्यावर त्या जागी खाच आहे.

हात कापला जाईल अशी भीती वाटते.

भीती योग्य आहे, ती ठेवा. लाकूड धरलेल्या हातात कापविरोधी हातमोजा घाला. सुरीच्या हाताच्या अंगठ्याला चामड्याची टोपी किंवा औषधाच्या दुकानात मिळणारी कापडी चिकटपट्टी दोन-तीन वेढे गुंडाळा. मोजा धारेपासून वाचवतो, सुरीचं टोक मात्र त्याच्या विणीतून आत जातं, हे विसरू नका.

मांडीवर ठेवून कोरायचं नाही. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते. कोपरं गुडघ्यांवर टेकवून काम गुडघ्यांच्या पुढे धरा, किंवा टेबलाशी बसा. सुरी हातातून पडली तर झेलायला जाऊ नका. झोप येत असेल, टीव्ही चालू असेल, कुणी बोलायला आलं असेल तर सुरी खाली ठेवा. कापलंच तर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरा, जखम खोल असेल तर लगेच दवाखाना, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा.

मुलांना शिकवता येईल का?

अंघोळीच्या साबणाच्या वडीवर, लाकडी आइस्क्रीमच्या काडीने, सहा-सात वर्षांचं मूलही सुंदर चेहरा कोरतं. सुरी दहा-बारा वर्षांनंतर, आणि तीही शेजारी मोठं माणूस बसलेलं असताना.

सुरी चालवायची कशी?

आपण विळीवर वाढलेले लोक. विळीत पातं स्थिर आणि भाजी हलते. इथे उलट आहे, त्यामुळे पहिले दोन दिवस हात बावरतात.

तीन काप शिका. पहिला ओढता काप : बटाटा सोलताना सुरी अंगठ्याकडे येते तसा. अंगठा लाकडाला टेकलेला, पण पात्याच्या वाटेतून खाली. दुसरा ढकलता काप : लाकूड धरलेल्या हाताच्या अंगठ्याने सुरीची पाठ पुढे रेटायची. जोर अंगठ्याचा, मनगट फक्त दिशा देतं. या कापाने जागच्या जागी मिलिमीटरभर लाकूड निघतं, म्हणून चेहऱ्याचं सगळं काम त्यानेच होतं. तिसरा अडकाप : सरळ आत दाबलेली चीर. नाकाखाली आधी अडकाप द्यायचा, मग खालून वर कापत यायचं, ढलपी त्या चिरेपाशी सुटून पडते. अडकाप न देता खालून कापलंत तर ढलपीबरोबर नाकही जातं.

रेषांची दिशा समजली की निम्मं काम सोपं होतं. लाकूड खरखरीत निघायला लागलं, सुरी आत ओढली जातेय असं वाटलं, तर तुम्ही उलट्या दिशेने कापताय. ठोकळा फिरवा आणि दुसऱ्या बाजूने या.

वाळून फार कडक झालेल्या लाकडावर निम्मं पाणी आणि निम्मं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारा. पाच मिनिटांत पृष्ठभाग मऊ होतो. अल्कोहोल उडून जाताना जवळ गॅस किंवा उदबत्ती नको.

पहिली आकृती कोणती?

ज्याला तुम्ही रोज बघता तो माणूस. पुस्तकातला काउबॉय कोरू नका, त्याची टोपी जमेल पण तो कसा उभा राहतो हे तुम्हाला ठाऊक नाही. भाजीवाली, पोस्टमन, पेपर वाचणारे पेन्शनर आजोबा, डोक्यावर तुळस घेतलेली वारकरी बाई. माझा पहिला धड जमलेला माणूस एसटीचा कंडक्टर होता, तोच इथे उदाहरणाला घेतो.

ठोकळा पाच बाय पाच, उंची पंधरा सेंटिमीटर, रेषा उभ्या. खऱ्या माणसाच्या उंचीत त्याचं डोकं साडेसात-आठ वेळा बसतं. अर्कशिल्पात तीन ते पाच वेळा बसवतात, म्हणजे चेहऱ्याला जागा मिळते. कंडक्टरचं डोकं मी टोपीसकट साडेचार सेंटिमीटर धरलं.

मग ठेवण. चालत्या गाडीत तो कसा उभा असतो ते आठवा. पाय फाकलेले, एक गुडघा किंचित वाकलेला, कंबर मागच्या सीटच्या कडेला टेकलेली, पोट पुढे, त्यावर चामड्याची पैशांची पिशवी, मान खाली आणि थोडी वाकडी, सुट्टे मोजतोय. हे सगळं बाजूने दिसणाऱ्या रेषेत येतं. म्हणून ठोकळ्यावर बाजूची आकृती आधी काढा आणि ती करवतीने कापून घ्या. कोपिंग सॉ, म्हणजे वळणावर कापणारी बारीक पात्याची हातकरवत, पुरते, वखारीत बँडसॉ असेल तर दोन मिनिटांचं काम. समोरची आकृती नंतर सुरीने.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नाक-डोळ्यांना अजिबात हात न लावता पुढचा तासभर फक्त मोठे काप घ्या. चारही कोपरे उडवा. खांदे एका बाजूला उतरते करा आणि कंबर उलट्या बाजूला. वजन एका पायावर असलं की शरीर असंच वळतं, दोन्ही सरळ ठेवलेत तर माणूस कवायतीत उभा असल्यासारखा दिसतो. मग आकृती खिडकीत ठेवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा आणि डोळे किलकिले करून बघा. पैसे मोजणारा कंडक्टर दिसतोय का? दिसत असेल तर पुढे जा. दिसत नसेल तर त्यावर कितीही सुंदर मिशी कोरलीत तरी तो कंडक्टर होणार नाही. मी बिघडवलेल्या बहुतेक आकृत्या याच टप्प्यावर बिघडल्या, डोळे कोरायच्या घाईने.

चेहरा सपाट येतो, भाकरीसारखा.

कारण तो ठोकळ्याच्या सपाट बाजूवर कोरला जातोय. चेहरा कोपऱ्यावर कोरा. चौकोनी पट्टीचा कोपरा स्वतःकडे वळवला की नाकाचा कणा आयताच तयार असतो आणि गाल दोन्हीकडे मागे उतरलेले असतात.

अडीच सेंटिमीटर चौरस पट्टी घ्या आणि नुसते चेहरे कोरा, एका पट्टीवर चार कोपरे आणि दोन टोकं म्हणजे भरपूर सराव. केसांची रेषा ते भुवई, भुवई ते नाकाचं टोक, नाक ते हनुवटी हे तीन भाग सारखे धरून खुणा करा, नंतर एखादा भाग हवा तसा लांबवा. भुवईखाली कोपऱ्यावर खाच घ्या, चांगली पाच मिलिमीटर खोल. नाकाखाली अडकाप आणि खालून वर काप, म्हणजे ओठ-हनुवटीचा भाग मागे सरकतो. नाकाच्या दोन्ही अंगांनी डोळ्यांच्या खोबणी उतरवा. डोळ्याची जागा नाकाच्या कण्यापासून पुरेशी मागे गेली नाही तर बेडकासारखे डोळे होतात, आणि नवशिक्याचा हात इथेच आखडतो. आणखी एक काप खोल जा.

नाकपुडीपासून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत येणारी गालाची घडी सगळ्यात बोलकी. ती बाहेर फाकली की माणूस हसतो, सरळ खाली उतरली की वैतागतो. तोंडाचा भाग आतल्या दातांच्या कमानीमुळे अर्ध्या पिंपासारखा गोल असतो, तो आधी गोल करा आणि मग ओठांची चीर द्या. डोळे सर्वांत शेवटी : वरच्या पापणीची चीर, खालच्या पापणीची चीर आणि दोन्ही कोपऱ्यांतून एकेक बारीक त्रिकोणी ढलपी. चार ढलप्या गेल्या की बुबुळाचा गोलवा आपोआप फुगून येतो. तो क्षण पहिल्यांदा येतो तेव्हा समोर कुणीतरी जागं झाल्यासारखं वाटतं. कान डोक्याच्या मध्याच्या मागे असतात, बहुतेकांचे गालावर येतात. आमच्या कंडक्टरचे डोळे कोरलेच नाहीत, मान खाली असल्याने नुसत्या पापण्या पुरल्या.

किती वाढवायचं? कुणाला वाईट वाटलं तर?

एक गोष्ट खूप वाढवा, दुसरी थोडी, बाकीचं शांत ठेवा. नाक, कान, पोट आणि पाय सगळंच फुगवलंत तर काहीच मोठं दिसत नाही.

काय वाढवायचं याबद्दल माझं मत पक्कं आहे. सवय वाढवा, धंद्याने अंगात मुरलेली ठेवण वाढवा, नखरा, आळस, उत्साह वाढवा. कुणाचं व्यंग, वर्ण किंवा जात हा हसण्याचा विषय करू नका. ओळखीच्या माणसाची आकृती केलीत तर ती त्याच्याच हातात द्या. तो हसला आणि घरी घेऊन गेला तर जमलं.

हात आणि बोटं जमत नाहीत.

सुरुवातीला लपवा. खिशात, पाठीमागे, पदराखाली, पिशवीत. कंडक्टरचा एक हात पिशवीत आहे तो याच कारणाने. नंतर हात आधी मुठीसारखा ठोकळा म्हणून कोरा आणि मग बोटांच्या तीन चिरा द्या. बाहेर पसरलेला हात एकाच ठोकळ्यातून काढलात तर रेषा आडव्या पडतात आणि तो मोडतो. तो वेगळ्या तुकड्यातून, रेषा हाताच्या लांबीत धरून करा आणि बाहीच्या काठापाशी जोडा. जोडावरची फट लाकडाचा भुसा आणि चिंचोक्याची खळ कालवून भरता येते, कोंडापल्लीचे कारागीर खेळण्यांचे भाग असल्याच लगद्याने जोडतात.

नाक तुटलं!

हलू नका, जमिनीवरचा तुकडा शोधा, फेव्हिकॉलचा एक थेंब, रात्रभर दोऱ्याने बांधून ठेवा. तुकडा सापडला नाही तर अख्खा चेहरा दोन मिलिमीटर मागे कोरा, लाकूड पुरतं.

शेवटी पॉलिश पेपर मारून गुळगुळीत करू का?

माझं ऐकाल तर नको. धारदार सुरीचा सपाट काप उजेड पकडतो आणि शेजारचा काप सावलीत जातो, आकृतीचा जिवंतपणा त्यातच आहे. पेपरने सगळं एकसारखं मऊ होतं. शिवाय पेपरचे कण लाकडात रुतून बसतात आणि नंतर परत सुरी लावलीत तर धार जाते. ज्यांना गुळगुळीत आवडतं त्यांनी करावं, पण तोंडावर मास्क लावून.

रंग कोणते?

ॲक्रेलिक, पाण्यात खूप पातळ केलेले. चहाच्या रंगाएवढे पातळ ठेवा आणि दोन-तीन हात द्या, म्हणजे लाकूड खालून दिसत राहतं. त्याआधी आकृती भांड्याच्या साबणाने आणि मऊ ब्रशने धुवा, आठवडे हातात राहून घामाने मळलेली असते. गालांना आणि नाकाच्या शेंड्याला ओल्यावरच किंचित लाल. कंडक्टरच्या खाकीत मी थोडा हिरवा मिसळला, नुसता खाकी मातीसारखा दिसत होता.

वरून उकळलेलं जवसाचं तेल (दुकानात तयार मिळणारं 'बॉइल्ड लिनसीड ऑइल', घरी उकळायचं नाही) फडक्याने चोळा आणि जास्तीचं पुसून घ्या. ते फडकं चुरगळून टाकू नका. जवसाचं तेल सुकताना गरम होतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग टाका. मुलांच्या हातात जाणारी आकृती असेल तर रंगाच्या डबीवर तसा निर्वाळा आहे का ते बघा.

फ्लॅटमध्ये, बाल्कनीत करता येईल का?

सुरीचं काम आवाज करत नाही, म्हणून तर ते फ्लॅटसाठी बरं. जुनी चादर अंथरा. ढलप्या कुंडीत मातीवर पसरता येतात.

प्रसिद्ध व्यंगचित्रकारांची पात्रं कोरून विकू का?

शिकण्यासाठी घरात कोरा, त्यासारखा धडा नाही. मोजक्या रेषांत माणूस उभा करायचं ज्यांना साधलं त्यांच्याकडून काय गाळायचं ते कळतं. विकायची असतील तर परवानगी हवी. भारतात चित्राचा कॉपीराइट कलाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. मारिओ मिरांडा २०११ मध्ये गेले, आर. के. लक्ष्मण २०१५ मध्ये. म्हणजे त्यांची पात्रं २०७१ आणि २०७५ संपेपर्यंत वारसांच्या हक्कात आहेत. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला कुणाच्या मालकीचं पात्र नाही.

एका आकृतीला किती वेळ लागतो?

पट्टीवरचा चेहरा दोन तास. वीतभर माणूस, रोज तासभर बसलात तर, दोन-तीन आठवडे. पहिल्या आकृतीच्या तळाला तारीख घाला आणि ती कुणालाही देऊ नका. दहावी आकृती कोरून झाली की शेजारी ठेवून बघायला ती लागते.

परदेशातल्या भाचीला पाठवायची आहे. चालेल?

चालेल. साल अजिबात राहू देऊ नका आणि किडीचं एकही भोक नको. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये लाकडी वस्तू आत नेताना जाहीर करावीच लागते, लपवली तर दंड होतो. अमेरिकेच्या कोरड्या भागात किंवा हीटर लावलेल्या घरात आपल्या दमट हवेत मुरलेलं लाकूड झपाट्याने वाळतं, म्हणून पावसाळ्यात कोरलेली आकृती थंडी संपेपर्यंत घरातच राहू द्या आणि मग पाठवा. गुंडाळताना नाकाभोवती कापसाची पुंगळी करा. आणि तिला सांगा, कंडक्टर हीटरजवळच्या फळीवर ठेवू नकोस.